गुरुवारचा आकडा

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगं प्रियू, तू व्हय. थांब माय, डोळे उघडू दे जरा… न्हाई, झोपले नव्हते. बसल्या बसल्या डुलकी लागली… हाव, त्यालाच झोपणं म्हण मग.”

रजियाखाला ओसरीतल्या खाटेवर सरळ होऊन बसली. उन्हं उतरणीला लागली होती, अंगणात पिवळा उजेड पसरला होता आणि तिच्या डोळ्यांतलं स्वप्न अजून पुरतं गेलं नव्हतं. स्वप्नात मागच्या भिंतीपलीकडच्या पेट्रोलच्या सहाही टाक्या पालथ्या घातलेल्या हंड्यांसारख्या पडल्या होत्या, आणि समोरच्या घरातली महानंदा एकेक उचलून नळाखाली घासत होती. अगं जड असतील, म्हटलं तर म्हणाली, रिकाम्या हायत.

“तुझीच माय होती गं स्वप्नात… टाक्या घासायली होती… हसू नको. तुझी माय टाक्या बी घासंल, तिचं काय खरं हाय?… जेवलीस का?… न्हाईच ना.”

प्रियदर्शनी म्हणजे महानंदाची थोरली. लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. डॉक्टर व्हायला निघालेली चारशे लेकरं एका हॉलात कोंबलेली, आणि एक बॅच उठून दुसरी बसेपर्यंत वीस मिनिटं मोकळी. तेवढ्यात ती जेवायची, नाहीतर नांदेडला फोन करायची. दोन्ही एकदम तिला कधी जमलं नाही.

“उद्याचं? हाव, सगळं तयार हाय. वही पिशवीत घातली. भुजंग चहाची टपरी बंद ठेवून साडेनऊला जीप आणायलाय. अनसचे अब्बा बी येतो म्हणायलेत… खोकत खोकत येतील, पर येतील. साहेबाला ऐकू द्या म्हणायलेत खोकला.”

उद्या दहाला कलेक्टर ऑफिसात सुनावणी होती. पेट्रोलच्या डेपोवाल्यांना वस्तीच्या भिंतीला लागून आणखी तीन टाक्या बांधायच्या होत्या, आणि परवानगी द्यायची की नाही ते उद्याच ठरणार होतं. वस्तीकडे पुरावा म्हणून एकच गोष्ट होती, रजियाखालाची वही. चौदा महिन्यांपूर्वी प्रियदर्शनीनं बिस्किटाच्या पुड्याएवढं एक यंत्र आणून रजियाखालाच्या ओसरीतल्या खांबाला टांगलं. हवेत पेट्रोलची वाफ किती, त्याचा आकडा त्याच्यावर उमटायचा. दोनशेच्या आत असला तर ठीक, वर गेला तर वाईट. पहाटे फजरला एकदा आणि दिवस मावळता मगरिबला एकदा रजियाखाला तो वहीत उतरवायची. बाई पाचवी शिकलेली, पण एक दिवस चुकली नाही. अंगात ताप असतानाही गोधडी पांघरून खांबापाशी गेली होती.

“गुरुवारचं काय?… हाव, गुरुवारचेच मोठे हायत. चारशे, पाचशे. एकदा तर सहाशे चाळीस. भुजंगनं बॅनरवरच टाकलंय की, ‘गुरुवारची हवा, वस्तीला सजा’… काय म्हणालीस? परत सांग.”

“बंद?… गुरुवारी टँकर भरतच न्हाईत?… दुपारपासून… मग वाफ कुठनं यायली?… कोण म्हणतंय?… त्यांचंच रजिस्टर. बरं… माहितीच्या अधिकारात मागवलेलं, ते आज आलं… अगं, खोटं लिहिलं असंल त्यांनी… गेटच्या पावत्या बी जुळायल्यात?… बरं. बरं.”

ती उठून उभी राहिली आणि परत बसली.

“म्हंजे मी खोटं लिहिलं म्हणायलीस का?… म्हणाली न्हाईस, पर विचारायलीस तसंच… अगं ऐक ना. मी चष्मा लावते, आकडा बघते आणि लिहिते. माझं काय जातंय त्याच्यात?… दुसरं काय करते म्हंजे? गुरुवारी सांजच्याला काय करतात? झाडून काढते. वजू करते… हाव, नमाजच्या आधी लोबान देते घरात. तू न्हानपणी यायचीस की माझ्या मागं मागं, धूर खायला. आज बी निखारे पेटवून ठेवलेत… आज गुरुवारच हाय ना. दाराला देते, चुलीला देते, यांच्या शिवणाच्या मशीनला देते, मग वसरीत येऊन…”

बोलता बोलता तिची नजर वर गेली. समोर खांबावर ते यंत्र शांतपणे लुकलुकत होतं.

झालं होतं असं की यंत्र आलं तेव्हा वस्तीतल्या बाया ते बघायला रांगेनं यायच्या. लई हुशार हाय गं बाई, म्हणायच्या. एवढं कौतुक झाल्यावर नजर लागायला कितीसा वेळ? म्हणून पहिल्याच गुरुवारी रजियाखालानं त्याच्याभोवती धुपाटण्यासारखी लोबानाची ऊददानी तीनदा ओवाळली. मग दर गुरुवारी. घरात राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला धूर देतात, त्या बिचाऱ्यालाच कसं वगळायचं? आणि मगरिबची वेळ टळू नये म्हणून धूर विरायच्या आतच ती चष्मा चढवून आकडा उतरवून घ्यायची.

“प्रियू… हाय गं, हाय मी. कटला न्हाई फोन… मशीनला मी लोबान द्यायचे… हाव. तुझ्या खांबावरच्या मशीनला. अगदी जवळ धरून. तीन फेरे… नजर लागू नये म्हणून गं. त्यानं आकडा चढतो का?… लई चढतो?… असं. म्हंजे लोबानाच्या धुरात बी तेच असतं. ते सहा कोनांचं, बेंझिन का काय, तू फळ्यावर काढतेस ते.”

पलीकडे लातूरला लेकरांचा गलका तेवढा ऐकू येत होता. रजियाखालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॅनर आठवला. पेपरात आलेला स्वतःचा फोटो आठवला, पदर सावरून यंत्राकडे बोट दाखवतानाचा. तिच्या नवऱ्यानं, सलीममियाँनी, तो कापून शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवला होता.

“बोल गं काहीतरी. चीड. तुझा हक्कच हाय… न्हाई म्हणतेस, मग नाक कामून वढायलीस?… मी येडी, मला कळलं न्हाई. तू एवढं लातूरहून आणून टांगलंस आणि मी त्याची दृष्ट काढत बसले.”

“काय?… कुणाला कळणार हाय, म्हंजे?… हाव, ते बी खरं. लोबानाचं कोण विचारतंय. वही तशीच द्यायची… त्यांनी रजिस्टर दाखवलं तर रजिस्टरच खोटं म्हणायचं… हं.”

मोह असा तिला आयुष्यात फार वेळा झाला नव्हता, त्याला कुठं बसायला सांगावं तेही तिला कळेना. भूकंपात किल्लारीकडचं घर पडलं, तेव्हा ती एका हातात लेकाला, अनसला धरून ढिगाऱ्याबाहेर उभी होती आणि दुसरा हात मोकळाच राहिला होता. सासू आत होती. नांदेडला आले तेव्हा महानंदानं आपल्या दोन खोल्यांतली एक रिकामी करून दिली, पुढं समोरची जागा मिळाली, चार भिंती उभ्या राहिल्या. त्या वेळी मागं नुसतं माळरान होतं. टाक्या नंतर आल्या. पहिल्या पहिल्यांदा तो वास गोडच लागायचा, डोकं हलकं व्हायचं, झोप छान यायची. सलीममियाँचा खोकला सुरू झाला तेव्हा गोडी संपली.

“एकदा उठलो गं आम्ही. तेवीस वर्षं झाली. आता कुठं उठायचं?… तीन टाक्या आल्यावर यांची छाती ऱ्हाते का?… म्हणून तर सांगायले. तू म्हणतेस ते मला पटायलंय. त्याचंच भ्या वाटायलंय मला.”

आत शिवणाच्या मशीनची घरघर थांबली. सलीममियाँ दोनदा खोकले, पाणी प्याले, आणि मशीन पुन्हा चालू झालं.

“न्हाई प्रियू. न्हाई… ऐक. चौदा महिने झाले, मी त्या डेपोवाल्यांना लबाड म्हणायले. दारात उभं राहून म्हणायले. मग आता मी कोण?… तू काढून टाक गुरुवार. सगळे काढ… किती व्हतात?… साठ. आणि काय ऱ्हातं?… फजरचे, आणि बाकीच्या सांजचे. हाव, ते खरे हायत, तवा मी लोबान देत न्हाई. दोनशे वीस, दोनशे तीस, कधी अडीचशे… बारीक हायत, मला बी दिसायलंय. त्यांचा वकील हसंल… हसू दे. उद्या मीच उभी ऱ्हाते आधी. माझ्या हातून असं असं झालं म्हणते… भुजंग चिडंल, दोन दिवस चहा देणार न्हाई. घरी करून पिऊ.”

बोलून गेली खरी, आणि पिशवीतली वही काढून तिनं उशाशी ठेवली.

“आज?… आज लोबान न देता बघू म्हणतेस?… अगं, एक गुरुवार गेला न्हाई गं तसा. सासूपासून चालत आलंय. भूकंपाच्या साली तंबूत ऱ्हायचो, तवा बी डब्याच्या झाकणात निखारा ठेवून दिलाय… थांब. फोन धरून ठेव.”

तिनं फोन खाटेवर ठेवला. चुलीपाशी निखारे फुलून लाल झाले होते आणि शेजारी वाटीत लोबानाचे खडे काढून ठेवलेले होते. वाटी तिनं फळीवर ठेवून दिली. निखारे मागच्या मोरीत नेऊन त्यांच्यावर राख लोटली. आतून सलीममियाँनी विचारलं, आज उशीर का, म्हणून. “आज न्हाई,” ती म्हणाली, “मग सांगते.”

“हं, घेतला फोन… उभी हाय खांबापाशी… जरा बोलू नको.”

गल्लीत सावल्या लांबल्या होत्या. भिंतीपलीकडं टाक्यांची पांढरी डोकी उन्हात गुलाबी झाली होती, आणि वारा तिकडूनच येत होता. रजियाखालानं डोळे मिटले. मनातल्या मनात म्हणाली, या अल्ला, येऊ दे. आजच्या दिवस येऊ दे तो वास. तीनशे तरी दाखव, वहीची लाज राहील. तेवढ्यात आत खोकल्याची उबळ आली. तिनं डोळे उघडले. आपण काय मागितलं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची एवढी शरम वाटली, जेवढी लोबानाचीही वाटली नव्हती.

“बघायले… नव्वद… अगं चष्मा लावूनच बघायले. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीवर थांबलाय… वास? न्हाई. कायच न्हाई. तुझ्या मायच्या दारातला मोगरा तेवढा यायलाय… साफ हाय गं हवा.”

तिनं छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. पाणी पितात तसा.

“काय म्हणालीस?… हाव… हाव, समजायलंय. भरणा असतो त्या दिवशी दोनशे तीस, आणि बंद असतो त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी… म्हंजे त्यांच्याच रजिस्टरनं त्यांचंच पितळ उघडं… अगं हळू बोल, लेकरं ऐकतील वर्गातली.”

हसता हसता तिची नजर परत त्या आकड्यावर गेली.

“पर प्रियू, असे साठ असते गं. साठ गुरुवार. सगळे साफ आले होते आणि मी त्यांच्यात धूर केला… आता एकच हाय माझ्याकडं… एक बी चालंल म्हणतेस?… चालंल का न्हाई ते साहेब बघंल. उद्या फजरला भरणा सुरू होईल, तवाचा आकडा याच्या शेजारी लिहिते आणि दोन्ही घेऊन जाते… अगं मी वहीचं म्हणतच न्हाई. आठवड्यातून एक सांज अशी हवा यायची, यांच्या छातीला बरी, आणि ती बी मीच…”

पलीकडं घंटा झाली असावी.

“जा, तुझी बॅच बसली. जेवली न्हाईस आज बी… थांब, ठेवू नको… अहो, ऐकलं का? ती शिलाई ऱ्हाऊ द्या. बाहेर या. इथं बसा, खाटेवर… काही झालं न्हाई, नुसतं बसा… न्हाई प्रियू, तुला न्हाई, यांना म्हणायले. आलेत. बसलेत.”

सलीममियाँ गळ्यातली टेप तशीच ठेवून खाटेच्या कडेला टेकले आणि कशासाठी बोलावलं म्हणून तिच्याकडे बघत राहिले. रजियाखाला त्यांच्या छातीकडं बघत होती. ती वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली.

“प्रियू, ठेवते गं आता. अजान व्हायच्या आत आम्हाला जरा इथं बसू दे.”