उणे भागिले उणे

सांगलीच्या दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर भामाबाई नवऱ्याच्या पायताणांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. शेजारी दोघी अनोळखी बहिणी. घाटात गाडी उलटून त्यांचे वडील नि भाऊ आत होते. मघाशी डॉक्टर दोघींना बाजूला घेऊन बोलले, तेव्हापासून थोरलीनं धाकटीचं गणिताचं पुस्तक संमिश्र संख्यांच्या धड्यावर उघडलं होतं.

"उणे एक, उणे आय. ध्रुवीय रूप, म्हंजे लांबी नि कोन, सांग, संयू."

"लांबी रूट दोन. कोन... उणे भागिले उणे, एक. म्हंजे पंचेचाळीस अंश."

"चुकलं. आकृती काढ. डावीकडं एक, खाली एक. कुठं आलीस?"

"पार खाली."

"आन् पंचेचाळीस कुठं बघतो?"

"वर. बरोब्बर उलटा."

"भागाकारात दोन उणे एकमेकाला खात्यात, म्हणून समदं बरं दिसतं. खरा कोन दोनशे पंचवीस. त्यो चुकला की पुढचं गणितबी चुकलं."

फोन वाजला. थोरलीनं घेतला.

"व्हय, आई. पप्पा? दादासारखेच हायत. दादा? त्यो पप्पांसारखाच. व्हय, दोघंबी सारखेच. तू जेवून घे."

तिनं फोन पालथा ठेवला.

"ताई, आईला आकृती कवा काढून दाखवायची?"