एका ओढीत सुरू होणारी गाडी

...नाही नाही, गाडी बिघडली असं कोण म्हणालं तुम्हाला? सम्मोलच म्हणाला असणार. त्यानंच विकलेली ना ती, त्यामुळे त्याला सारखी धास्ती, हा इस्सात एक दिवस आपल्या दारात आणून उभी करतोय की काय! अहो, तुम्हाला सांगतो, त्या गाडीला नाव ठेवायला जागा नाही. दुखणं निराळंच आहे. बसा, कॉफी घ्या, चीजचा तुकडा टाका कॉफीत, आमच्यात तशीच पितात, सांगतो.

तर आमची जुनी बर्फगाडी, सोळा हिवाळे काढलेली, नाताळाच्या आधी तळ्याच्या मधोमध बसली ती बसलीच. आता रेनडिअरवाल्यानं बर्फगाडीशिवाय करायचं काय? त्यात यंदा जानेवारीत पाऊस पडला. जानेवारीत, पाऊस! आणि पाठोपाठ असा गारठा की बर्फावर काचेसारखा थर बसला, खालचं शेवाळ खालीच, जनावरांनी खुरांनी कितीही उकरलं तरी हाती काही लागेना. रोज सकाळी तळ्यापलीकडच्या उतारावर गवत नेऊन टाकलं तरच ती जगणार, माद्या तर सगळ्या गाभण. किती जनावरं ते विचारू नका, आमच्यात ते विचारत नाहीत. पण आहे ते तेवढंच आहे, ते गेलं की आम्ही संपलो.

म्हणून सम्मोलकडे गेलो. तो म्हणतो, 'घेऊन जा रे माझी जुनी, तुझ्याशी मी पैशाचं काय बोलणार!' आणि मग तासभर पैशाचंच बोलला.

गाडी आणली तेव्हा दमेकरी म्हातारी होती नुसती. नवे भाग कुणाला परवडतायत? कार्ब्युरेटर उघडला, बायकोच्या, आमच्या रिस्तेनच्या, दात घासायच्या ब्रशानं घासला, तो ब्रश जुना होता असं मी तिला अजून सांगतोय. सायलेन्सरचं भोक कॉफीच्या डब्याच्या पत्र्यानं बुजवलं. तडकलेली काच भोकं पाडून जाळ्याच्या दोरीनं शिवली. पट्टा ज्यावरून घसरतो त्या पट्ट्या झिजलेल्या, तर सासूबाईंचा मासे कापायचा प्लास्टिकचा जाड पाट होता, तो उभा चिरला आणि बसवला... आणि काय सांगू, दोरी एकदा ओढली, एकदाच, आणि गाडी सुरू! अशी गोड गुणगुणायला लागली की मी डोक्यावरची टोपी काढली हो, उणे तीसमध्ये. सोळा वर्षं मी रोज सकाळी वीस-वीस ओढी मारलेला माणूस, माझ्या खांद्याला विचारा. मी म्हटलं, इस्सात, जिंकलास.

दुसऱ्या दिवशी गवत लादलं, एक ओढ, भुर्रकन तळं पार... आणि उतारावर एक जनावर नाही. मागच्या हिवाळ्यांत गवत नेलं की माझ्या आधी येऊन रांगेत उभी असायची! गवत टाकलं, वाट पाहिली, परत आलो. दुसरा दिवस, तेच. तिसऱ्या दिवशी दिसली, लांब कड्यावर, पुढं आमची गाब्बा, पांढरीशुभ्र म्हातारी मादी, सगळा कळप तिच्या मागं चालतो. माझ्याकडे अशी बघत होती जणू मी कोण कुठला. मी पुढं झालो की ती मागं. अहो, तिच्या दृष्टीनं बरोबरच, असा गुळगुळीत आवाज तिनं फक्त शरदातल्या पकडापकडीत, कत्तलीची जनावरं धरतात तेव्हा, ऐकलेला, परक्यांच्या नव्या गाड्यांचा. आणखी चार दिवस असेच गेले असते तर कळप पलीकडच्या खोऱ्यात उतरला असता, नाहीतर उपाशी मेला असता. आणि गाडीला नाव ठेवायला जागा नाही!

सासूबाई, राउनाबाई आमच्या, स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, 'जावईबापू, हिला खोकला कुठंय? त्यांना खोकणारी गाडी माहितीये.'

मी म्हटलं, 'म्हणजे कशी?'

तर त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, वय एकोणऐंशी बरं का, आणि तोंडानं जुनी गाडी काढून दाखवली. दोनदा खोकली, एकदा शिंकली, वळणावर कण्हली... चुलीपाशी झोपलेला कुत्रा उठून शेपूट हलवत दाराशी गेला! मी बघतच राहिलो. कान आहेत की काय आहेत त्या बाईंचे.

मग काय, जग गाड्या सुधारतं, मी चांगली गाडी बिघडवायला बसलो. डब्याचा पत्रा काढला. जुना काजळलेला प्लग घातला. एक पट्टी सैल केली. सासूबाई खिडकीतून हुकूम सोडतायत, 'शिंक कोरडी आहे. तेल वाढवा.' 'कण्हणं जमलं. खोकला अजून तरुण आहे.' दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, 'हां, हीच ती.' हुबेहूब हो! तळ्यावर गेलो, गाब्बानं कान टवकारले, दोन पावलं पुढं आली... आणि थांबली. काहीतरी राहिलं होतं. पण काय?

'थोडं इंधन जास्त सोडा,' सासूबाई म्हणाल्या. सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या सासूबाई फार धार्मिक, प्रार्थनाघराचा एक रविवार चुकला नाही. आणि मी... माझं तोंड तसं नाही. सोळा वर्षं रोज सकाळी मी दोरीला हात घातला की त्या डोक्यावरचा रुमाल कानांवर ओढून मोठ्यानं भजन म्हणायच्या, गाडी सुरू होईपर्यंत. गाडीचे त्यानंतरचे सगळे आवाज त्यांना पाठ. त्याच्या आधीचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

तर दोरी ओढली. एकदा, पाचदा, दहादा. विसाव्या ओढीला माझा बांध फुटला. सम्मोलपासून सुरुवात केली, सैतानाच्या आजीपर्यंत गेलो, गाडीचा एकेक खिळा घेतला, आवाज तळ्यावर घुमतोय, मागं सासूबाईंचं भजन... आणि मध्येच मला ऐकू आलं. टक टक टक टक. रेनडिअर चालताना त्यांच्या पायातून येतो ना, तो आवाज. मान वर केली तर बर्फावरून गाब्बा येतेय, तिच्यामागं सगळा कळप, तळं भरून, वाफा सोडत, सरळ माझ्या अंगणात. गाडी सुरूसुद्धा झाली नव्हती हो! खोटं कशाला बोलू, मी रडलो. सोळा वर्षं ही जनावरं माझ्या तोंडच्या शिव्या ओळखत होती आणि मला पत्ता नाही.

मी गप्प झालो तशी गाब्बा थांबली. सासूबाईंनी रुमाल जरा वर केला, कळप बघितला, आभाळाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, 'थांबलात का, जावईबापू? चालू द्या.' आणि रुमाल परत कानावर.

आता गाडी मी पुन्हा नीट केलीये, पत्रा बसवलाय, एका ओढीत सुरू. मग अडचण काय म्हणता? अहो हीच! नाव ठेवायला जागाच नाही, शिव्या द्यायच्या कुणाला? दोन-चार दिवस उगीचच देऊन बघितल्या, पण मनापासून नसल्या की गाब्बाला लगेच कळतं, ती तिकडेच बसून राहते.

म्हणून आता सासूबाईच रोज सकाळी खिडकी उघडतात, प्रेमानं म्हणतात, 'सम्मोलच्या जावयानं नवी गाडी घेतली म्हणे,' आणि रुमाल ओढतात.

चार मिनिटांत कळप दारात.