मोटरसायकल धरणारे

मोटरसायकल निशाण ओलांडून वर आली, थांबली न्हाई, आणि माझे मालक नि धाकटा दीर शंकर दोन बाजूंनी तिच्या अंगावर धावले. अंगावर म्हणजे अंगावरच, काय सांगू तुमाला, एकानं उजवी मूठ धरली, एकानं डावी, आणि ते दोघं, वर बसलेला चामडी टोपीवाला, गाडी, सगळं धुळीत दिसंनासं झालं. मी बायांच्या बाजूला बांधावर बसले होते, मागं दगडाची खाण, उठून पळायचं तर पळायचं कुठं.

आता तुमी विचाराल, शहाणीसुरती माणसं मोटरसायकल धरायला कशी गेली. पुण्याच्या लोकांनी बी तेच विचारलं, आणि हसले.

मी माहेरची सांगवीची, शाळा चौथीपर्यंत, लग्न होऊन रहाटणीच्या पल्याडच्या या वाडीत आले. पिंपरीकडं तवा कारखान्याची पहिली चिमणी नुकती दिसाय लागली होती, बाकी सगळं रान. वाडीला काय होतं, तर घाट. म्हणजे बैलगाड्या पळवायची चढाची लांब पट्टी. खालनं बैल सोडायचे, वर निशाण. निशाण गेलं तरी बैल थांबत न्हाईत, त्यांना कुठं कळतंय, आणि वर जागा थोडी, पुढं खाण. म्हणून वर धरणारे लागतात. बैलाच्या बाजूनं पळायचं, वेसण धरायची, अंगाचा भार टाकायचा. हा मान आमच्या घराचा, सासऱ्यांपासून. मालकांच्या छातीवर शिंगाचा वण होता, तो ते आल्यागेल्याला सदरा वर करून दाखवायचे, सरकारनं बिल्ला दिल्यासारखा.

तर पुण्यात एक शेट होता मोटरसायकली विकणारा. शर्यत भरवली की लोक गाडी बघतात, बघितली की घेतात, असा त्याचा हिशोब. जीप घेऊन गावं बघत फिरायचा, संगं एक रिटायर कप्तान. आधी गेला सांगवीला. माझ्या बापानं त्याला विचारलं, दोन्ही अंगाला बांबू बांधणार का, गाडी थांबायला पुढं किती रान लागतं, आणि कुणाला लागलं तर जाब कुणाला विचारायचा. शेट म्हणाला, बघू. चहा पिऊन उठला तो परत तिकडं फिरकला न्हाई. काळेवाडीला गेला, तिथं कुणी काही विचारलं न्हाई, पण तिथं गर्दी जमत न्हाई म्हणून तिथनं बी निघाला. मग आला आमच्याकडं.

पाटलांनी बोकड कापला. वाढायला आमी बाया, म्हणून मी माझ्या कानानं ऐकलं. शेट म्हणाला, माणसं किती जमतात? पाटील म्हणाले, घाट दिसायचा बंद होतो इतकी. शेट म्हणाला, दोर बांधावे लागतील का? पाटील म्हणाले, छ्या, आमची माणसं चाकाला चिकटून उभी राहतात, गाडी आली की बरोबर सरतात, सवय हाय. शेट म्हणाला, मग हेच गाव. कप्तानाला तेवढी थोडी अक्कल होती, तो म्हणाला, वरची जागा कमी वाटते. पाटील म्हणाले, धरणारे हायेत की आमचे! शेट हाडूक चोखत म्हणाला, उत्तम, उत्तम. काय धरणार, कसं धरणार, एका शब्दानं विचारलं न्हाई. मी रस्सा वाढत होते, मला वाटलं पळी त्याच्या टाळक्यात घालावी.

शर्यत कुणाच्या गावात जाते हे असं ठरतं बघा. जमीन न्हाई बघत, माणसं बघतात. किती जमतात आणि किती कमी विचारतात.

मी मालकांना म्हणाले, ते लोखंड हाय, त्याला नाक न्हाई, वेसण न्हाई, धरणार काय? मालक म्हणाले, तू सांगवीची, तुमच्याकडं सगळे भित्रेच. शंकर तर शर्यतीच्या दिवशी फेटा बांधून नवरदेवासारखा तयार. म्हणाला, वहिनी, या बैलाला शिंगं न्हाईत, मुठी हायेत, धरायला सोपं. मी म्हणाले, भावजी, आधी शेपूट कुठाय ते बघा. आमी हसलो दोघं.

पहिल्या बाऱ्यांना, म्हणजे पहिल्या फेऱ्यांना, गाड्या आपल्या आपण थांबल्या. तवा हे दोघं तोंड पाडून उभे, घरात सून आल्यावर सासू उभी राहते तसे. मग तो चामडी टोपीवाला आला. त्याला ब्रेक लागला न्हाई, का चढ संपल्यावर गाडी उडाली, मला ठाऊक न्हाई, पण ती सरळ आमच्या बायांच्या अंगावर आली. आणि या दोघांना तर दुसरं काही येतच नव्हतं.

धूळ बसली तवा शेट धावत आला. आधी गाडी उचलायला लावली. जीपमध्ये टोपीवाल्याला घातलं, त्याला खरचटलं होतं. आमच्या दोघांना पुण्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडीत. जीपमध्ये जागा न्हाई म्हणाला शेट, आणि मागच्या बाकावर त्यानं झेंडे ठेवले होते, गुंडाळून, मळू नयेत म्हणून.

पाटील पुढं कितीतरी दिवस हळहळत होते. कशापायी? तर शेटनं पुढची शर्यत दुसऱ्या गावाला दिली म्हणून. वाडीचं नाव मागं पडलं म्हणायचे, माझ्या ओसरीवर बसून म्हणायचे, माझ्या हातचा चहा पीत. मी चहात साखर घालायची बंद केली.

आता त्या घाटावर बिल्डिंगी हायेत, खाण बुजवली. नातवाकडं मोटरसायकल हाय, तो सुखी राहो, मी तिच्यावर बसत न्हाई.

टोपीवाला जगला. बांधावरच्या आमी बाया सगळ्या जगलो. मालक जगले, उजवा हात खांद्यातनं गेला तो गेलाच, जेवायला मी भरवायची. शंकर औंधाच्या अलीकडं बैलगाडीतच गेला.