इकडचे रस्ते तिकडे

—आणि घंटी कितीही दाबा, निदालसाहेब, रिहाबने दार उघडायचं नाही म्हटलं म्हणजे नाही, एकोणीस वर्षं शेजार आहे आमचा, मला नका सांगू — बसा इथे माझ्याकडे, आणि दाखवा तो कागद. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' — अस्सं! हे तिने सही करून द्यायचं? परवा तौजिहीचा, शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल, पोरापोरींचं सगळं पुढचं आयुष्य त्या निकालावर, आणि नेमकं तेव्हा तीन तास इंटरनेट मेलं, पडद्यावर नुसतं चाक फिरतंय, बाया गल्लीत ऊर बडवताहेत — आणि खापर कुणाच्या डोक्यावर? जी नको नको म्हणत होती तिच्या! वा रे न्याय. अबू गालिब कंपनीचा मालक आहे म्हणून काय शिंगं फुटली त्याला? सही केली की पोरीची नोकरी गेली, आणि अशा शिक्क्यानंतर दुसरं कोण उभं करणार तिला? सही नसेल तर काढायला तुमच्याकडे कारणच नाही, म्हणून तर चार जिने चढवलेत त्याने तुम्हाला. खरं की नाही? खरंच आहे.

आणि मला शिकवू नका. सहावीपर्यंत शिकले असेन मी, पण एवढं कळतं. तुमची कंपनी दोन बड्या कंपन्यांकडून इंटरनेटची लाइन घेते, बरोबर? दोघी आपापले रस्ते सांगतात — अमक्या ठिकाणी जायचं तर माझ्याकडून जा. आता नियम काय? एकीकडून ऐकलेलं दुसरीच्या कानावर घालायचं नाही. तिला फक्त आपल्या घरचं सांगायचं, आपल्या गिऱ्हाइकांचं, बस्स. रिहाबने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, म्हणजे जन्मभर मी जे करत आले तेच तिथे बंदी! इतकी हसली पोरगी. आणि तो नियम मशीनमध्ये ओळीमागून ओळ लिहावा लागतो, तोंडी सांगून मशीन ऐकत नाही. नाही लिहिला तर? तर त्या दुसरीला वाटतं, अरेच्चा, या इरबिद शहरातल्या चिमुरड्या कंपनीतून सगळीकडे जवळचा रस्ता आहे की — आणि लोटते सगळी रहदारी तुमच्या बोळात. बोळात हत्ती शिरल्यावर काय होणार? तेच झालं.

आता ऐका, लिहून घ्यायचं तर हे घ्या. त्या दुसरीची नवी लाइन आली त्याच सकाळी. अबू गालिबचा फोन — निकालाची गर्दी होणार, आत्ता चालू कर. ती म्हणाली, साहेब, नियम लिहायचेत, तपासायचेत, शुक्रवारी पहाटे करते, कुणाला धक्का लागणार नाही. तर हा म्हणतो, नियम-बियम मागाहून घाल! ती नाही म्हणाली. एकदा नाही, दोनदा. मग काय ओरडला ठाऊक आहे? 'तुझ्या खुर्चीसाठी दहाजण दारात उभे आहेत!' या कानांनी ऐकलं मी. — कसं म्हणजे? फोन मोठ्या आवाजावर होता, इथेच, या टेबलावर, तुमच्या कोपराशी. माझ्या धाकटीने, तुलीनने, निकालाच्या भीतीने न्हाणीघराला आतून कडी घातली होती, माझं ऐकेना, बापाचं ऐकेना — गणित रिहाबनेच शिकवलेलं ना तिला, म्हणून मीच फोन केला, असशील तशी ये म्हटलं. आली बिचारी, कॉम्प्युटर काखेत मारून, ऑफिसात कुणाला न सांगता. मालकाला वाटलं, तिथेच बसलीय. इकडे तो ओरडतोय, आत पोर रडतेय — आता लपवून काय करू — मीच म्हणाले, कर गं बाई, सांगतोय ना तो, दाब ते बटण आणि हिला बाहेर काढ. दाबलं तिने. मग चूक कुणाची? त्याची! थोडी माझी. तिची नाही. कुणापुढेही सांगेन मी हे, माझ्या लेकरांची शपथ घेऊन सांगेन.

किती वाजता आली? सव्वादहा असतील. निघाली कधी? साडेअकरा — का हो? तो ओरडला ते लिहिलंत का? बघू. 'कामाच्या वेळेत, विनापरवानगी गैरहजर...' अहो, हे नव्हे! हे कुणी लिहायला सांगितलं? मी काय सांगत होते आणि तुम्ही काय —

आणि हे काय? आल्यापासून ती कॉफी तुमच्यापुढे आहे. मी बोलले नाही, म्हटलं, मागणं घेऊन आलेला पाहुणा आहे, पदरात पडेपर्यंत कप तोंडाला लावणार नाही, चांगल्या वळणाचा दिसतो. मग आता का उचललात? मी कुठे काय दिलं तुम्हाला?

ठेवा तो. ठेवा म्हणते ना — ती इथे नव्हतीच, ऑफिसातच होती, माझ्या, या उम्म सनदच्या तोंडाला काय, काहीही बरळते, गल्लीत कुणालाही विचारा — निदालसाहेब —

प्यालात.

उठा. निघा माझ्या घरातून.