पुरे म्हटलं की उचलायचं

माझं माहेर नाशिकरोडचं. वडील प्रेसमध्ये कामाला, आम्ही तिघी बहिणी, मी मधली, म्हणजे धड लाडाची नाही अन् धड जबाबदारीची नाही. बी.कॉम. झाले, महेशशी लग्न झालं, कल्याणला दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांबरोबर राहिले, मग महेशला इथली नोकरी लागली तेव्हा बिऱ्हाड उचलून सिडनीला आलो. इथे माझ्या बी.कॉम.ला कोण विचारतंय? कोर्स केला, चाइल्डकेअरमध्ये लागले, अजून तिथेच आहे, वेस्टमीडच्या घरापासून चालत जाते. दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, नाकं पुसायची, थोपटून झोपवायची. आवडतं मला. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी काय काम करते ते पुढे लागणार आहे.

सासरे गेल्यावर आईंना इकडे आणलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं भांडण असं कधी नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. मी कुकर लावला की मागून येऊन गॅस बारीक करणार, मी काही बोलले की ऐकू न आल्यासारखं करणार. मीसुद्धा काही कमी नव्हते हां, मुद्दाम गॅस परत मोठा करायचे. कल्याणचं अन् इथलं धरून वीस वर्षं हे असंच चाललं, काय सांगू तुम्हाला, एका घरात राहून दोन बायका एकमेकींना नुसत्या टाळत होत्या.

त्यात आईंचे गुडघे गेले. डॉक्टरच्या गोळ्यांनी पित्त व्हायचं, ऑपरेशनला त्या ठाम नाही म्हणाल्या, मला कापायचं नाही म्हणजे नाही. माझ्या सेंटरमधली एक जण म्हणाली, पॅरामॅटाला एका सलूनच्या वर जपानी बाई आहे, शेक देते, माझ्या मॉमला फरक पडला. मियाकेबाई त्यांचं नाव. आईंच्याच वयाच्या असतील, पांढरे बारीक कापलेले केस, पायात मोजे, बोलणं अगदी हळू. महेश म्हणाला, काय वेडेपणा लावलाय, पण गाडीने सोडलं त्याने.

तर त्या शेकाचं सांगते. त्याला मोक्सा म्हणतात. आपल्या दवण्याच्या जातीतला एक पाला असतो, तो वाळवून, कुटून कापसासारखा करतात. त्याची तांदळाएवढी गोळी वळायची, अंगावर ठरावीक जागी ठेवायची अन् उदबत्तीने पेटवायची. हो, उदबत्तीने, आपल्यासारख्याच, फक्त बारीक. गोळी जळत खाली येते, चटका बसणार तेवढ्यात चिमटीने उचलायची. कधी कधी बारीक डाग राहतो, ते त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला दाखवलं, स्वतःच्या पायावरचे डाग दाखवले. आई मला म्हणाल्या, वास दवण्याचा येतोय गं. एवढं एकच वाक्य, पण माझ्याशी आपणहून बोलल्या.

आता आईंना इंग्लिश येत नाही, बाईंना मराठी येत नाही. बाईंनी मला विचारलं, थांबा म्हणायला तुमच्यात काय म्हणतात? मी म्हटलं, पुरे. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून घोळवून पाठ केला. मग आईंच्या पोटावर हात ठेवून बसल्या, काही विचारलं नाही, नुसता हात. आमच्या आई डॉक्टरला पदराला हात लावू देत नाहीत, त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मग पायावर गोळी पेटवली. अन् आईंनी काय करावं? गोळीला धूर फुटतोय तोच म्हणाल्या, पुरे. बाईंनी उचलली. दुसरी ठेवली, परत लगेच पुरे. परत उचलली. मला कळलं ना, त्या परीक्षा घेत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाईंचा चेहरा बदलला नाही, पुन्हा नवीन गोळी वळायला घेतली. मग पुढची आईंनी बरीच जळू दिली.

येताना ट्रेनने आलो, आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ही बाई ऐकते गं. माझ्या पुरेवर आयुष्यात कोणी थांबलं नाही.

सासऱ्यांचा स्वभाव मी पाहिलेला होता. त्या रात्री मी पोळ्या करताना त्यांनी गॅसला हात लावला नाही, अन् मीही त्यांना उगाच डिवचलं नाही.

पुढे बाईंनी मला शिकवलं. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे, त्या पायावर शाईचे ठिपके काढून देतात अन् घरच्या माणसाने रोज शेक द्यायचा. मला म्हणाल्या, हाताचं कौशल्य नंतर, आधी तिच्या शब्दावर थांबायला शीक, ती खोटं म्हणाली तरी थांबायचं. मी शिफ्टवरून आले की चहा, मग आई कोचावर, मी खाली मॅटवर, त्यांचा पाय माझ्या मांडीवर. पुरे म्हटलं की उचलायचं. हळूहळू आई बोलायला लागल्या, कल्याणचं, त्यांच्या माहेरचं, एक मुलगी होऊन गेली होती महेशच्या आधी, ते महेशलासुद्धा माहीत नाही. ठिपके पुसले की मी पेनने गिरवायचे. चटके म्हणायच्या त्या त्याला. आज चटके दिले नाहीस, असं लाडाने विचारायच्या. माझ्या आईनेसुद्धा माझी अशी वाट पाहिली नसेल.

मग विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग दिवस, मग मला ताई म्हणायला लागल्या. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. एक दिवस गोळी जळत खाली आली तरी आई गप्प. माझ्याकडे बघून हसतायत. मीच घाबरून उचलली. अन् जेवताना उगीच म्हणत होत्या, पुरे, पुरे. मी मियाकेबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शब्द गेला, आता आग नाही. नुसता हात ठेव. त्या दिवसापासून मी मोक्सा बंद केला, त्या पाल्याची डबी त्यांना परत दिली. रोज नुसता तळवा ठेवायचे. आई विचारायच्या, चटके? मी म्हणायचे, दिले ना आत्ता. त्या पायाकडे बघत राहायच्या.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

मार्चमध्ये आई बाथरूममध्ये पडल्या. अँब्युलन्सने हॉस्पिटलला नेलं. नर्सने गाऊन बदलला, पायावरचे डाग पाहिले. जुने काळे होते ते होतेच, पण त्यात ताजे होते, लाल, एक तर पिकलेला. मी वाकून परत परत पाहिले, ते मी केलेले नव्हते. सोशल वर्करबाई आली, फोनवर मराठी इंटरप्रिटर घेतली, आईंना विचारलं, हे कोणी केलं? आई इतक्या खुलल्या हो. म्हणाल्या, माझी सून चटके देते, रोज देते, फार प्रेमाने देते. इंटरप्रिटरने शब्दाला शब्द बरोबर सांगितलं, अन् सोशल वर्करबाईने ते तसंच वर कळवलं. त्या सोशल वर्करबाईला मी दोष देत नाही. आमच्या सेंटरला एखाद्या पोराच्या अंगावर असे डाग दिसले असते तर मीसुद्धा तेच कळवलं असतं, ते माझं कामच आहे.

महेशने मला कारपार्कमध्ये विचारलं, खरं सांग, आईवर राग काढत होतीस का? इतकी वर्षं झाली आमच्या लग्नाला. मी गाडीत बसले नाही, चालत घरी आले.

घरी येऊन आईंचं कपाट उघडलं, धुणं गोळा करायला म्हणून. त्यांच्या कार्डिगनच्या खिशात अर्धवट जळलेल्या उदबत्त्या. देवापुढच्या. पलंगाच्या कडेला राख. मी कामावर गेले की त्या एकट्या बसून, त्या जुन्या डागांवर, स्वतःच उदबत्ती टेकवत होत्या. माझी वाट बघून बघून. मी तिथेच जमिनीवर बसले अन् मोठ्याने रडले, इथल्या भिंती पातळ असतात, शेजारीण येऊन विचारून गेली, यू ओके, लव्ह?

मियाकेबाई माझ्याबरोबर हॉस्पिटलला आल्या. काठी घेऊन, दोन गाड्या बदलून. त्यांनी डाग बघून सांगितलं, हे मोक्साचे नाहीत, हे उदबत्ती टोचल्याचे आहेत, हिने मला विचारून सगळं बंद केलं होतं. सोशल वर्करबाईने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यावर विश्वासही ठेवला बहुतेक. मग म्हणाली, म्हणजे त्या स्वतःला इजा करतात, मग त्यांना घरी दिवसभर एकटं ठेवता येणार नाही. आलं का लक्षात? मी केलं म्हटलं तरी आई घरी येणार नाहीत, अन् मी नाही केलं म्हटलं तरी येणार नाहीत. मी म्हटलं, नोकरी सोडते. महेश म्हणाला, नको, म्हाताऱ्या माणसांच्या होममध्येच बऱ्या. त्याने डाग अन् उदबत्त्या दोन्ही पाहिल्या होत्या, तरी माझ्याकडे न बघता म्हणाला. सॉरीही म्हणाला नंतर, पण त्याच्या मनात एकदा आलं ते आलंच.

मियाकेबाईंनी आता काम बंद केलंय. मला म्हणाल्या, मी तिला आगीची सवय लावली अन् काढून घेतली, मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, असं म्हणू नका. पण त्या ऐकायच्या थांबल्या होत्या, पहिल्यांदाच.

रविवारी जाते मी होममध्ये. माझ्या नावावर ती तक्रार होती ना, म्हणून पहिले काही महिने तिथली कामाची एक मुलगी दारात उभी राहायची, मी आईंना भेटत असेपर्यंत, आता नुसतं दार उघडं ठेवतात. आई मला ओळखत नाहीत. गेल्या रविवारी बसले होते, डबा काढला, शिरा नेला होता, तर आईंनी आपला गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला अन् पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. नाव गेलं, नातं गेलं, पण पाय कोणाकडे द्यायचा ते त्यांना माहीत होतं. मी दाराकडे पाहिलं. मग तळवा ठेवला, त्या जुन्या ठिपक्यांवर. आई वाट बघत होत्या, चटका येण्याची, माझ्या तोंडाकडे बघत. मी काय देणार होते? हात तेवढा होता माझ्याकडे. बराच वेळ गेला. मला वाटलं, असंच बसून राहावं संध्याकाळपर्यंत, कोणी हाकलेपर्यंत.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, पुरे.

किती दिवसांनी म्हणाल्या, अगदी वेळेवर, अगदी पहिल्यासारखं. माझा हात हलेना. पण शिकवलेलं होतं ना मला. मी उचलला.