माही चिखलातली घसरगाडी

आमचं गाव रामटेकाच्या पुढं, तलावाच्या खालच्या अंगाले, जिकडे पाहा तिकडे धानाच्या बांध्या, आनि आमी दोघं भाऊ, मोठा फौजेत गेला, मी घरी राह्यलो, कोनीतरी राहाले पायजेच होतं ना जी. बाबाले मोठ्याचं भारी कौतुक. काय सांगू तुम्हाले, तो सुटीवर आला का अर्धं गाव आमच्या ओट्यावर, आनि हा सांगून राहिला, तिकडे बर्फात चाकं चालत नाईत, घसरगाडीवर रॉकेल नेतो, रेशन नेतो, जवान बिमार पडला तर तिच्यावरच बांधून खाली आनतो, सहा-सहा जन दोरी ओढतो, आनि टूरिस्ट लोकं मजेसाठी बसते, उतारावरून किंचाळत येते, सुटीच्या दिवशी आमचीबी रेस लागते. मोबाईलवर व्हिडिओ दाखवे. माही बायको म्हने, भाऊजी किती धीराचे हो! माह्या पोटात आग.

काहून म्हनता? अवो, घसरगाडी मीबी ओढतो! रोवन्याच्या दिवसात बांधीत गुडघाभर चिखल, बैलबंडी फसते, म्हनून मीच बाभळीचे दोन वाकडे दांडे घासले, वरून फळ्या ठोकल्या, पऱ्ह्याच्या, म्हंजे धानाच्या रोपाईच्या, पेंढ्या तिच्यावर नेतो, कापनीले धानाचे भारे नेतो. तिचा कोनी व्हिडिओ काढला नाई.

मागच्या रोवन्याले बाबा बांधाच्या धुऱ्यावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. अॅम्बुलन्स आली, पन डांबरी रस्त्यावरच उभी, मधात चिखलच चिखल. बैल जुंपावं तर बिचकतीन. मंग मी घसरगाडीवरच्या पेंढ्या फेकल्या, रोवनाऱ्या बायांनी बाबाले फळ्यांवर निजवलं, लुगड्यानं बांधलं, आनि दोरी मी खांद्यावर घेतली. हळू गा, हळू गा, बाबा कन्हून राहिले. खांदा सोलला, पन थांबलो नाई.

नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी डबा घेऊन गेलो तर पाहुने बसले होते, आनि बाबा त्याईले सांगून राहिले, मोठ्यानंच शिकवलं याले, बर्फात असंच नेते म्हने. डबा तिथंच ठेवला, खाली गेटापाशी जाऊन बसलो. रडलो, खोटं काहून बोलू.

दोन दिवसांनी मोठा आला. सगळ्याईसमोर म्हनला, बाबा, मी काही शिकवलं नाई, त्याची गाडी मी फौजेत जायच्या आधीची हाय, आनि आमी सहा जन ओढतो, यानं एकट्यानं ओढली. मले बरं वाटाले पायजे होतं. पन बाबा म्हनले, पाहा, माह्या मोठ्याचं मन किती मोठं! घ्या. माही तारीफबी त्याच्याच खात्यात.

आता बाबा काठी घेऊन चालते. मोठा पुढच्या साली रिटायर होते, गावीच राहीन म्हनते. मी अजून जळतो जी, मनातलं सांगतो. पन तिकडे बर्फ कोसळला अशी बातमी लागली का जेवन सोडून त्याले फोनच लावत बसतो. गडावरच्या रामा, सुखरूप येऊ दे त्याले. जळन्याचं काय, तो घरी आल्यावर पाहू.