मामाच्या घरची सोयरीक

पुसदच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या रांगेतून जया उठायच्याच बेतात होती. मामाच्याच घरी, धम्मरत्नशी ठरलेलं लग्न, मग तपासायचं कायले? तेवढ्यात मागच्या बाकड्यावरचे बहीणभाऊ बोलू लागले.

"घनश्याम, तुही वैष्णवी पाळण्यात होती तवाच म्या तिले माह्या अंकुरसाठी मांगतली."

"मी कुठं नाही म्हणतो, मैनाताई? पण दोघांच्याबी रक्तात सिकलसेलची बिमारी अर्धी निघाली. त्यांच्या लेकराले पुरी होऊ शकते."

"आपल्या घरात तं कोणाले काई झालं नाही!"

"अर्धीनं होत नाही. उलट जुन्या काळी तिनंच हिवतापातून वाचवलं म्हणे डॉक्टरीण. म्हणून तं आपल्या लोकायत एवढी टिकली."

"म्हणजे जिनं आज्याले जगवलं, तेच नातवाले छळन?"

"दोन्हीकडून आली तं छळन."

"मायनं आपल्या दोघांलेबी सारखंच दिलं रे..."

"मंग आता नातं तुटलं का आपलं?"

"तुटन कायले? सुनेसाठी घेतलेला शालू वैष्णवीलेच देईन. नेसू दे तिच्या लग्नात. पण नवरदेवाचं रक्त आधी तपासून घे."

जया बसूनच राहिली. मग तिनं फोन लावला.

"धम्मरत्न, मी दवाखान्यात हाव. तूबी ये. आजच."